बाकाखालची चिठ्ठी

कराडच्या एका महाविद्यालयात मी शिकवत होतो, त्या काळातली ही गोष्ट. पदवी परीक्षेचा पेपर संपायला वीस मिनिटे उरली असताना एका मुलाच्या बाकाखाली मला चिठ्ठी दिसली. मुलगा पाटणकडचा, रोज एस.टी.ने ये-जा करणारा. मी उत्तरपत्रिका काढून घेतली आणि अहवालात लिहिले, ‘विद्यार्थ्याजवळ चिठ्ठी सापडली.’ तो काही सांगू पाहत होता. ‘सांगायचे ते समितीपुढे सांग,’ म्हणून मी त्याला गप्प केले.

त्याचा निकाल राखून ठेवण्यात आला. एका रविवारी मिस्सा आटोपून घरी आलो, तो त्याचे वडील पायरीवर बसलेले. भांडले नाहीत. एवढेच विचारले, “सर, चिठ्ठी त्याच्या हातात हुती का खाली पडल्याली?”

“खाली.”

“मग कागदावर तसं लिवलंय का?”

मी निरुत्तर झालो. ‘जवळ’ हा शब्द किती सैल आहे, हे भाषा शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्या मला एका शेतकऱ्याने दाखवून दिले.

पुढे या विषयावरचे मिळेल ते वाचत गेलो. केंब्रिज विद्यापीठाने १७१८ साली रिचर्ड बेंटली या विद्वानाच्या पदव्या त्याचे म्हणणे न ऐकताच काढून घेतल्या होत्या. १७२३ साली न्यायालयाने त्या परत करायला लावल्या. त्या खटल्यात एका न्यायमूर्तींनी थेट एदेन बागेचा दाखला दिला: सर्वज्ञ परमेश्वरानेही आदामला आधी हाक मारून विचारले, शिक्षा नंतर सुनावली. उत्पत्तीचा तो अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यात पर्यवेक्षकासाठी काही असेल असे कधी मनात आले नव्हते.

आपल्याकडे १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाला हेच सांगितले. गैरप्रकाराचा निवाडा करणारी समिती न्यायाधीशाचेच काम करते; तेव्हा आरोप कळवणे आणि उत्तराची संधी देणे तिला टाळता येत नाही. अर्थात कॉपी करणारे साळसूद नसतात, हेही खरे. १९९० च्या शालान्त परीक्षेत गुणपत्रकांत फेरफार झाले, तेव्हा महाराष्ट्राच्या मंडळाची कारवाई सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली उचलून धरली. फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा येथे लागत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मला वाटते, पुरावा जेथे कमी चालतो तेथे अहवालातला एकेक शब्द अधिक जपून लिहायला हवा.

पण हे सारे वाचन नंतरचे. त्या वेळी दुरुस्तीचे पत्र लिहायला मला अकरा दिवस लागले. सहकारी म्हणाले, ‘अशाने पोरे शेफारतील.’ खरे कारण वेगळे होते. आपल्याच सहीखाली चूक कबूल करायची मला लाज वाटत होती.

समितीने त्याला बोलावले, अक्षर ताडून पाहिले. चिठ्ठीतले अक्षर त्याचे नव्हते. निकाल लागला, पण तोवर पुढच्या वर्गाच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती. त्याने ते वर्ष वडिलांबरोबर उसाच्या फडात काढले.

पुढच्या वर्षी तो परत आला. माझ्या तासाला मागे बसे. मी विचारले तर उत्तर देई, आपणहून बोलत नसे. परीक्षेच्या दिवशी मात्र जागेवर बसण्याआधी तो वाकून बाकाखाली पाही, आणि मग माझ्याकडे.