अजगराचे व्रत

अजगरावर आपल्या भाषेने थोडा अन्यायच केला आहे. 'अज' म्हणजे बोकड, आणि त्याला गिळणारा तो 'अजगर', एवढ्यावर संस्कृत पंडितांनी त्याची ओळख आटोपली. आणि दुपारी जेवून आडव्या झालेल्या यजमानांना त्याचे नाव देऊन मराठी गृहिणींनी त्याची उरलीसुरली अब्रूही घालवली. वस्तुतः महिन्यातून एकदोनदाच जेवणाऱ्याला खादाड म्हणावे, तर आपणा चार वेळा खाणाऱ्यांना काय म्हणावे?

मला या प्राण्याविषयी जिज्ञासा उत्पन्न झाली ती माझ्या भाच्यामुळे. तो इंग्लंडात स्थायिक झाला असून त्याच्या घरी सुमारे बारा फूट लांबीची, ब्रह्मदेशी जातीची एक अजगरीण आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अजगर घरी बाळगणे हा गुन्हा ठरतो. तिकडे तशी बंदी नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला घेऊन मी त्याच्याकडे महिनाभर राहिलो. मुलाच्या ताटात तिसरी पोळी वाढल्याखेरीज जिचे समाधान होत नाही, त्या ताईला या पाहुणीला तीन आठवड्यांतून एकदा एक ससा मिळतो हे कळले, तेव्हा तिचा जीव कळवळला.

"अरे, मुक्या जिवाला असं उपाशी ठेवतात का?"

"आई, उपाशी नाही गं ती. मागचं जेवणच अजून अंगी लागायचं आहे."

हे उत्तर थट्टेचे नव्हते. अजगराचे पोट रिकामे असते तेव्हा त्याची आतडी आकसून जवळजवळ निद्रिस्त होतात. भक्ष्य पोटात गेले की तीच एकदोन दिवसांत दुपटीने भरतात. हृदयसुद्धा अठ्ठेचाळीस तासांत सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते, असे २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. पचन संपले की हा सारा पसारा पुन्हा आवरला जातो. म्हणजे प्रत्येक जेवण हा या शरीराच्या दृष्टीने एक कार्यप्रसंगच! मांडव उतरायच्या आत दुसरे कार्य काढू नये, हे कोणत्याही यजमानाला समजावे.

भाच्याच्या टिपणवहीत याचे कोष्टकच आहे. दीड-दोन फुटांच्या पिल्लाला आठवड्यातून एकदा. वर्षा-दोन वर्षांच्या, वाढत्या अंगाच्या जनावराला दहा ते चौदा दिवसांनी. पूर्ण वाढलेल्याला तीन-चार आठवड्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा. भक्ष्य त्याच्या देहाच्या सर्वांत जाड भागाइतकेच रुंद असावे, मेलेले असावे, आणि गोठवून ठेवलेले असल्यास आतपर्यंत निवळलेले असावे. खोलीचा उबदार भाग तीस-बत्तीस अंशांवर नसेल तर पोटात गेलेले पचत नाही, उलटून पडते. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हात लावायचा नाही.

परंतु हे कोष्टक त्याला फार महाग पडले आहे. ही अजगरीण त्याच्याकडे आली ती दुसऱ्या कोणा शौकिनाच्या घरून. त्या गृहस्थाने तिला वर्षानुवर्षे दर आठवड्याला चारले होते. वर्षात किती फूट वाढ झाली हे सांगण्यात अशा लोकांना जो अभिमान वाटतो, तो मी परीक्षेच्या निकालानंतर काही पालकांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. ती वाढली खरी; पण वळताना खवले एकमेकांपासून फाकत, मधली कातडी दिसे, आणि अंगावर चरबीच्या वळ्या पडत. पशुवैद्याने यकृतात मेद साठल्याचे निदान केले. आता दोन वर्षे तिला लहान ससे आणि लांब अंतर असा क्रम चालू आहे. वजन उतरते आहे, पण अतिशय सावकाश. कारण जो देह इतके थोडे खर्चतो त्याची शिल्लक लवकर संपावी कशी? यकृत पूर्ववत होईल असे आश्वासन पशुवैद्याने अद्याप दिलेले नाही.

खरी कसोटी लागते ती संध्याकाळी. ती काचेपाशी येते, जीभ लवलवते, आणि भाचा खोलीतून उठून जातो. ही भूक नव्हे, हे त्याला ठाऊक आहे. दबा धरून बसणाऱ्या या जातीला रानात पुढचा घास केव्हा मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून समोर आलेले बहुधा नाकारायचे नाही, हाच तिचा स्वभाव. मर्यादा घालायचे काम रान करीत असे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंमध्ये अजगराचीही गणना केली आहे. अनायासे येईल तेवढेच घ्यावे, न आल्यास निश्चल पडून राहावे, ही त्याची शिकवण. त्या काचेसमोर उभा असताना मला हा अध्याय आठवला, आणि एक अडचणही जाणवली. अवधूताच्या अजगराला वाढणारे कोणी नव्हते. इथे व्रत तिचे, पण ते पाळायचे दुसऱ्याने. आणि तेही तिच्यावर माया असणाऱ्याने.

आमच्या मुक्कामात तिच्या जेवणाचा एक दिवस येणार होता. ताईने तो दिनदर्शिकेवर खूण करून ठेवला होता. आदल्या दिवशी भाच्याने पाहिले तो तिचे डोळे दुधाळ, निळसर झालेले. म्हणजे कात टाकण्याची वेळ आली. त्याने वहीत त्या तारखेपुढे फुली मारली आणि निवळायला काढायचा ससा शीतपेटीतच राहू दिला.

"मग आता केव्हा?" ताईने विचारले.

"कात उतरल्यावर. दहाएक दिवस तरी लागतील."

आमचे परतीचे विमान सहाव्या दिवशी होते.