खानदेशांतील धाबें

गेल्या वैशाखांत आम्ही जळगावहून धुळ्यास निघालों; अमळनेरपर्यंत आगगाडीनें व पुढें मोटारीनें. वाटेवरील एका खेड्यांत स्नेह्यांच्या घरीं दुपार काढिली. बाहेर अंगाची लाही होत होती. पण उंबरठा ओलांडतांच गारवा लागला. हा प्रताप माथ्यावरील धाब्याचा. लांकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलचन, त्यावर मातीचा जाड थर व सर्वांवर चोपलेली पांढरी माती, अशी त्याची घडण. माती दिवसाचें ऊन सावकाश पिते. तें खालीं उतरूं लागेपर्यंत सायंकाळ होते.

घरांत मात्र वाद माजला होता. चिरंजीवांना धाबें उतरवून सिमेंटचा स्लॅब घालावयाचा होता. “अण्णा, आतां मातीखालीं कोण राहतें?” असा त्यांचा सवाल.

आम्हीं त्यांस फ्रान्समधील गोष्ट सांगितली. ल कॉर्ब्यूझिए हे आधुनिक स्थापत्याचे अध्वर्यु. गच्चीवर बाग असावी, हें त्यांनीं १९२७ सालींच आपल्या पंचसूत्रींत घातलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९५४ ते १९५६ च्या दरम्यान, पॅरिसलगतच्या न्युयी येथें जाउल कुटुंबासाठीं त्यांनीं दोन घरें बांधिलीं. विटांच्या बसक्या कमानींचीं छतें आणि त्यांवर माती व हिरवळ! अमदाबादेस मनोरमाबाई साराभाईंसाठीं १९५५ सालीं पुरें केलेलें घरही त्याच धर्तीचें. सिमेंटचे एवढे पुरस्कर्ते. पण छपरावर घालावयास त्यांनाही मातीच सुचली.

चिरंजीव विचारांत पडले. तोंच वहिनी आंतून म्हणाल्या, “भावजी, त्या घरांतल्या सुना दर ज्येष्ठांत माती चोपावयास वर चढतात काय? छत गळूं लागलें म्हणजे रात्रभर भांडीं कोणीं मांडावयाचीं?”

ह्यावर आम्ही निरुत्तर झालों. गारव्याचें कौतुक पाहुण्यानें करावें. त्याचें मोल घरच्या बायकांनीं चुकविलेलें असतें. मग शांतपणें विचार करतां उमगलें कीं, त्या घरांतून पाणी अडविण्याचें काम एकट्या मातीवर सोडलेलें नाहीं. मातीखालीं पक्कें छत आहे. तेव्हां स्लॅब घालावा, त्यावर पाणी न झिरपेल असा बंदोबस्त करावा आणि मग माती पसरावी. मात्र ओल्या मातीचा भार जाणत्या इंजिनियराकडून आधीं मोजून घ्यावा, असें ठरलें. अण्णा प्रथमच हंसले.

रात्रीं धुळ्यास मुक्काम केला. दहा वाजून गेले तरी यजमानांच्या उघड्या स्लॅबवर पाय ठेववेना. मंडळी अंथरुणें घालण्यापूर्वीं बादल्यांनीं पाणी ओतीत होती. अण्णांचें धाबें आणि वहिनींचा प्रश्न, दोहोंची आम्हांस पुनः आठवण झाली.