रंगराव अप्पांची बाजू

दादाला कादंबरीचं कुळ शोधायचा नाद होता. पुस्तक मिटलं की पहिला प्रश्न, "हे कुणाकडून आलं?" हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाला'वर त्याचा फार जीव. मुलगा नानासाहेब स्वराज्याकडे ओढला जातो आणि सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा विजापूरच्या मिठाला जागत राहतात. सगळे ही कादंबरी शिवाजीमहाराजांसाठी वाचतात, दादा अप्पांसाठी वाचायचा. काळ पुढे निघून गेलेला हा म्हातारा. हरिभाऊंनी त्याला कुठेही लहान केलं नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगे.

ही नजर स्कॉटची, असं त्याचं म्हणणं, आणि मलाही ते पटतं. १८१४च्या 'वेव्हर्ली'त मधोमध एक साधा तरुण आहे, दोन निष्ठांत सापडलेला. इतिहासातली बडी माणसं कडेनं वावरतात. स्कॉटनं स्वतः मारिया एजवर्थच्या आयरिश कादंबऱ्यांचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं होतं. हरिभाऊंचा 'म्हैसूरचा वाघ' तर मेडोज टेलरच्या टिपूवरच्या कादंबरीवरूनच आलेला. याला कुणी उसनवारी म्हटलं की दादा चिडायचा. विरजण शेजारचं असलं तरी दूध आपल्याच घरचं ना, म्हणायचा.

शेवटी शेवटी त्याला पुस्तक धरवत नसे. मी वाचायचो, तो डोळे मिटून ऐकायचा. मी एखादा परिच्छेद गाळला तर लगेच बोट वर करायचा. तो गेल्यावर बराच काळ मला ऐतिहासिक कादंबरी हातात घेववली नाही.

मग पुश्किनची 'कॅप्टनची मुलगी' वाचली, १८३६ची. शेवटाकडे माशा आपल्या माणसाच्या जिवासाठी सम्राज्ञी कॅथरिनकडे जाते. बागेत भेटलेल्या बाईंशी बोलते, आणि त्याच सम्राज्ञी आहेत हे तिला ठाऊक नसतं. मी थांबलोच. स्कॉटच्या 'हार्ट ऑफ मिडलोथियन'मधली जीनी बहिणीच्या जिवासाठी एडिंबरोहून लंडनला येते, राणीपुढे उभी राहते आणि तीही राणीला ओळखत नाही! हा दुवा अभ्यासकांना केव्हाचाच ठाऊक आहे. दादाला मात्र तो माझ्याकडून कळायला हवा होता. आयुष्यभर त्यानं मला दुवे दाखवले. मला एक सापडला, तेव्हा तो नव्हता.

पुश्किनच्या त्याच कादंबरीत कॅप्टन मिरोनोव आहे. बेलोगोर्स्क नावाला किल्ला, खरं तर लाकडी कुंपणाचं खेडं. बंडखोर पुगाचोव आत शिरतो, शपथ घे म्हणतो. जखमी म्हातारा त्याच्या तोंडावर त्याला तोतया म्हणतो आणि फासावर जातो. पुश्किन आणि हरिभाऊ यांच्यात मी धागा जोडत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण दादानं दोन्ही किल्लेदार समोरासमोर बसवले असते, अप्पांची बाजू घेऊन रात्रभर भांडला असता आणि मला झोपू दिलं नसतं.