झिजण्याची सोय

वडील साखर कारखान्यात टर्नर होते. कोणतंही यंत्र ते एकाच नजरेनं बघायचे : हे उघडता येतं का? आमच्या घरातली पहिली मोटरसायकल, म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी, या परीक्षेत उतरली होती. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही अंगांना सायलेन्सर आणि किकची दांडीच आत दाबून पुढं वळवली की गियरची दांडी. सुट्टीच्या दिवशी अंगणात पोतं अंथरून वडील तिचं पोट उघडायचे आणि मी पाने हातात देत बसायचो. बाराचा पाना मागितल्यावर तेराचा दिला तर ते काही बोलत नसत, नुसते बघत. ती गाडी दुरुस्तीपायी कधीच अडली नाही. तिला घरातून काढलं ते पेट्रोलनं. पगार तेवढाच आणि तिची तहान मोठी. विकली त्या संध्याकाळी वडील एवढंच म्हणाले, "उघडता येत होती, पण पोसता येत नव्हती."

कॉलेजात मन बसलं यामाहाच्या आरएक्स १०० वर. दिसायच्या आधी ती ऐकू यायची. इंजिन अवघं ९८ सीसी, पण थ्रॉटल पिळला की पुढचं चाक हलकं व्हायचं. मित्राची गाडी मागून कोल्हापूरच्या रंकाळा तलावाला एक फेरी मारली, तरी आठवडाभर पुरायची. १९८५ ला आलेली ती गाडी १९९६ मध्ये कारखान्यातून यायची थांबली. धुराचे नियम कडक होत चालले होते आणि टू-स्ट्रोकचे दिवस भरत आले होते. माझ्या हातात पहिला पगार आला तेव्हा नवी मिळत नव्हती.

गडहिंग्लजच्या मामांकडं बुलेट होती. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. डीकॉम्प्रेसर दाबायचा, अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवायची, पिस्टन नेमका जागेवर आणायचा आणि मग अंगाचं सगळं वजन किकवर. मामांची बुलेट खूप वर्षं टिकली, यात शंका नाही. पण ती एका मिस्त्रीच्या जिवावर टिकली. तिचे टॅपेट, तिचं पॉइंटचं अंतर, तिचे रुसवे त्यालाच ठाऊक. त्यानं धंदा मुलाकडं सोपवला, मुलानं मोबाइलचं दुकान टाकलं, आणि मामांची बुलेट गोठ्यात ताडपत्रीखाली गेली.

मी औषध कंपनीचा एमआर झालो. गारगोटी, आजरा, चंदगड, राधानगरी हा माझा भाग. टाकीवर बॅग, पाठीवर रेनकोट. कर्ज काढून हिरो होंडाची स्प्लेंडर घेतली, ती प्रेमानं नव्हे, हिशेबानं. दूधवाला, तलाठी, विम्याचा एजंट, सगळ्यांच्या बुडाखाली तीच. गर्दीत लावली तर आपली कुठली हे नंबर वाचूनच कळायचं.

तिचं मोल मला चंदगडच्या वाटेवर कळलं. भर पावसात क्लचची केबल तुटली. ढकलत पुढच्या गावात गेलो. तिथल्या दुकानात युरियाची पोती, शेंगदाण्याचे डबे आणि खिळ्याला टांगलेल्या केबली. दुकानदारानं गाडीकडं न बघताच एक काढून दिली. ती बसलीही. १९८५ च्या सीडी १०० मध्ये जे ९७.२ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन होतं, तेच १९९४ च्या स्प्लेंडरमध्ये आलं, तेच पुढं पॅशनमध्ये गेलं. होंडानं १९५८ मध्ये आणलेल्या सुपर कबपासून चालत आलेला तो आडव्या सिलिंडरचा वाण. नावं बदलली, स्टिकर बदलले, आतला ऐवज तोच राहिला. म्हणून पिस्टन असो की क्लचप्लेट, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळायची आणि ती बसवणारा हात कुठल्याही तिट्ट्यावर असायचा.

पुढं माझी स्प्लेंडर निळा धूर सोडू लागली, ऑइल खाऊ लागली. माझ्या मिस्त्रीनं ब्लॉक काढला आणि आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. शेतीच्या ऑइल इंजिनांवर हात बसलेली ही वस्ती. तिथं मोटरसायकलचा ब्लॉक म्हणजे खेळणं. बोरिंगवाल्यानं आत गेज फिरवला आणि म्हणाला, "अजून तीन येळा निघंल, साहेब." म्हणजे असं : सिलिंडर झिजला की पाव मिलिमीटरनं मोठा करायचा आणि तेवढाच मोठा पिस्टन घालायचा. पुन्हा झिजला की अर्धा, मग पाऊण, मग एक. ते सगळे पिस्टन दुकानात तयार मिळतात. गाडी बनवणाऱ्यानं तिचं म्हातारपण आधीच धरलं होतं, हे तिथं उभं राहून मला उमगलं. ब्रेकचे लायनर, चेन-स्प्रॉकेट, हँडलचा कोनसेट ही सगळी झिजण्यासाठीच नेमलेली स्वस्त माणसं. ती झिजतात म्हणून चेसिस शाबूत राहतं. न झिजणारी गाडी शोधत बसण्यात अर्थ नाही, ती नसतेच. कुठं झिजायचं हे जिला माहीत आहे, ती ठेवावी.

पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत नेऊन तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, पर्यावरण कर भरला. इंजिनाच्या कामाला लागले तेवढे पैसे ती विकून आले नसते. बायकोनं हिशेब विचारला. मी म्हटलं, विकण्याची किंमत विकणाऱ्यानं बघावी.

एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि स्वस्त गाड्यांमधूनही कार्बोरेटर गेला. नव्या गाड्या थंडीत एका बटणावर सुरू होतात, धूरही कमी सोडतात. त्यांना नावं ठेवणार नाही. पण सेन्सर गेला तर स्क्रूड्रायव्हर गप्प बसतो, स्कॅनर लागतो. काही इंजिनांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. त्याला बोर मारत नाहीत, अख्खा ब्लॉक बदलतात. तोही मार्ग आहे, फक्त तो ब्लॉक पंधरा वर्षांनी मिळायला हवा.

परवा पुतणी विचारत होती, "काका, कोणती घेऊ? दहा-पंधरा वर्षं बदलायची नाही." तिला म्हटलं, शोरूमला नंतर जा. आधी आपल्या गॅरेजात बस आणि बघ, कोणत्या गाड्या जुन्या होऊन तिथं येतात आणि परत जातात. मग त्या मॉडेलची क्लचप्लेट गारगोटीत मिळते का विचार.

"आणि दिसायला?"

"ते तूच ठरव. दिसणं हप्ते फिटेपर्यंत पुरतं. त्यानंतर सगळं मिस्त्रीवर."