झाडाखालची साक्ष

इंग्रजी वाक्प्रचार शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना एका कुत्र्याची गोष्ट सांगत आलो. शिकार एका झाडावर आणि कुत्रा भलत्याच झाडाखाली उभा राहून भुंकतो आहे. म्हणजे माणूस चुकीच्या ठिकाणी उत्तर शोधतो आहे. अर्थ बरोबर होता आणि परीक्षेत त्याला गुणही मिळत. पण हा कुत्रा कोणता, झाडावर काय असते, आणि त्याने झाडाखाली उभे राहून भुंकावे तरी का, हे आम्हांला कोणी विचारले नाही. आम्हीही स्वतःला विचारले नाही. शब्दामागची वस्तू न पाहताही भाषेच्या शिक्षकाची नोकरी सुरळीत पार पडते.

ती वस्तू दिसली निवृत्तीनंतर. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मुलीकडे काही महिने राहिलो होतो. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांच्या अंगणात एक कुत्री बांधलेली असे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके इतके दाट, की लांबून ती निळसर दिसावी. जात ब्लूटिक कूनहाउंड. वंशावळीच्या कागदावर तिचे नाव लांबलचक होते. आम्ही मनाशी तिला ‘निळी’ म्हणू लागलो. एका सकाळी कुंपणापलीकडून ते म्हणाले, “प्रोफेसर, शनिवारी ट्रायल आहे. येता?” ट्रायल म्हटल्यावर आम्हांला परीक्षेच्या आधी खटला आठवला. पुढे जे पाहिले त्यावरून तोच अर्थ अधिक जवळचा वाटला.

रकून हा उत्तर अमेरिकेतला निशाचर प्राणी. शेपटीवर पट्टे, डोळ्यांभोवती काळा मुखवटा. पाठलाग झाला की तो झाडावर चढतो. त्याच्या शिकारीसाठी तिकडे कूनहाउंडच्या जाती घडवल्या गेल्या: ब्लॅक अँड टॅन, रेडबोन, ब्लूटिक, इंग्लिश, प्लॉट आणि ट्रीइंग वॉकर. आपल्या मुधोळच्या कुत्र्याचे सगळे बळ नजरेत आणि पायांत. तो सावज पाहतो आणि धावतो. कूनहाउंडचे बळ नाकात आणि कंठात. काळोख्या रानात तो मालकापासून मैल-दीड मैल दूर जातो आणि तिथून आवाजाने कळवत राहतो. माग सापडला तेव्हा एक आवाज, माग ताजा होत गेला की दुसरा, आणि रकून झाडावर चढला की तिसरा. लांब हेल काढून ओरडणारा कुत्रा झाडाशी पोचला की तुटक, ठोक्याठोक्याने भुंकू लागतो. मालकाला दिसत काहीच नाही. तो फक्त ऐकतो आणि अर्थ लावतो.

शनिवारी दिवसा झाली ती फील्ड ट्रायल, म्हणजे एक प्रकारची शर्यत. रकूनचा वास जमिनीवरून ओढत नेऊन माग तयार करतात. तो एका ठरलेल्या झाडापाशी संपतो. झाडाच्या अलीकडे दोन निशाणे असतात. निशाणांमधून जो कुत्रा पहिला जातो तो रेषा जिंकतो. झाडाशी जाऊन जो पहिला भुंकतो तो झाड जिंकतो. ही दोन बक्षिसे वेगळी ठेवणाऱ्या माणसाची आम्हांला मनोमन दाद द्यावीशी वाटली. आमच्यासमोर एक तांबूस कुत्रा बाणासारखा आला, निशाणे पार केली आणि झाडाला वळसा घालून गवतात भलतेच काही हुंगत बसला. त्याच्यामागून आलेल्या कुत्र्याने पुढचे पाय बुंध्यावर टेकले, मान वर केली आणि भुंकायला सुरुवात केली. पोचणे आणि पोचल्याचे ओळखणे ह्यांतला फरक इतक्या स्वच्छपणे आम्ही कोणत्याही वर्गात मांडू शकलो नव्हतो.

“ही झाली जत्रा,” शेजारी म्हणाले, “खरे काय ते रात्री कळते.”

रात्रीच्या स्पर्धेत चार कुत्रे, त्यांचे मालक आणि एक पंच अशी तुकडी रानात जाते. रकून मारायचा नसतो. झाडावर दिसला म्हणजे पुरे. कुत्रे सोडल्यावर सगळे अंधारात गप्प उभे राहतात. आपल्या कुत्र्याने माग धरल्याचे मालकाने जाहीर करायचे, आणि तेही त्याच्या तिसऱ्या भुंकण्याच्या आत. पहिल्याला शंभर गुण, मग पंचाहत्तर, पन्नास, पंचवीस. झाडाशी उभे राहिल्याचे जाहीर केले की पहिल्याला एकशे पंचवीस, आणि पुढे तसेच उतरते. पण हे गुण तोवर उधारीचे. मग सगळे झाडाशी जातात, बॅटरीचा झोत फांद्याफांद्यांवरून फिरवतात. रकून दिसला तर गुण अधिक; लपायला जागा नाही आणि रकूनही नाही, असे ठरले तर तेच गुण उणे. आणि झाडाला ढोली असेल, पाने इतकी दाट असतील की आहे-नाही ठरवताच येत नाही, तर गुणांभोवती वर्तुळ काढतात. ते ना अधिक, ना उणे. समीक्षेत ही तिसरी खूण असती तर किती भांडणे वाचली असती, असे आमच्या मनात आल्याशिवाय राहिले नाही.

ह्या गुणपद्धतीतूनच चांगला कुत्रा कोणता ते उलगडत जाते. नाक हवेच. काही तासांपूर्वीचा शिळा माग उचलणाऱ्या कुत्र्याला ‘थंड नाकाचा’ म्हणतात. ब्लूटिकची त्याबद्दल ख्याती आहे. ट्रीइंग वॉकर वेगासाठी नावाजलेला. पण नाक आणि पाय ही देणगी झाली. मालक लोक ज्याबद्दल तासन्‌तास बोलतात ते निराळेच असते. एक, तो बडबड्या नसावा. माग नसताना उत्साहाने भुंकणारा कुत्रा मालकाला खोटे जाहीर करायला लावतो. दोन, त्याने हरणामागे जाऊ नये. वाटेतला प्रत्येक वास हा आपला विषय नव्हे, हे त्याला कळावे. तीन, त्याने दुसऱ्याच्या भुंकण्यावर भुंकू नये. अशा कुत्र्यांना तिकडे एक चपखल नाव आहे. मराठीत त्याला ‘मीही’ म्हणावे लागेल. इतरांचा आवाज ऐकून हा धावत येतो, त्यांच्या झाडाशी उभा राहतो आणि सर्वांत मोठ्याने भुंकतो. चार, एकदा झाड सांगितले की ते सोडू नये. पाऊस येवो, बाकीचे निघून जावोत, मालकाला तासभर लागो. झाड सोडले की गुण उणे.

आजकाल कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा असतो. कुत्रा कुठे आहे हे त्यावरून कळते. तो खरे बोलतो आहे की नाही, हे सांगणारा पट्टा मात्र अजून निघालेला नाही.

ह्या कुत्र्यांनी अमेरिकन साहित्याला निदान दोन पुस्तके दिली आहेत, आणि दोन्ही ह्याच गुणांवर उभी आहेत. विल्सन रॉल्स यांच्या ‘व्हेअर द रेड फर्न ग्रोज’ (१९६१) ह्या कादंबरीत एका गरीब मुलाचे दोन रेडबोन कुत्रे स्पर्धेच्या रात्री हिमवादळात सापडतात. सकाळी अंगावर बर्फ गोठलेल्या अवस्थेतही ते त्या झाडाभोवतीच फिरत असतात. विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या ‘साउंडर’मध्ये (१९६९) एका कृष्णवर्णीय कुटुंबातल्या कोणालाच नाव नाही, नाव आहे ते फक्त कुत्र्याला, आणि तेही त्याच्या आवाजावरून. मालकाला पकडून नेताना त्याला गोळी लागते आणि तो मुका होतो. मालक परत येईपर्यंत तो पुन्हा तसा ओरडत नाही. ही पुस्तके आम्ही पूर्वी वाचली होती आणि बालसाहित्य म्हणून बाजूला ठेवली होती. त्या रात्रीनंतर ती पुन्हा वाचली.

त्या रात्री निळीने माग उचलला तो सर्वांत शेवटी. बाकी तिघे आधीच एका ओढ्याच्या दिशेने गेले होते. काही वेळाने तिघांचा एकत्र गजर सुरू झाला. तिघेही झाडाशी जाहीर झाले. निळीचा आवाज मात्र डावीकडून, टेकाडापलीकडून येत होता, एकटा. एका झाडाशी पहिला कुत्रा जाहीर झाला की इतरांना पाच मिनिटे असतात. शेजारी काही न बोलता उभे राहिले. ती वळून त्या तिघांत गेली असती तर थोडे का होईना, गुण पदरात पडले असते. ती गेली नाही. तिचा हेल तुटत गेला, ठोके पडू लागले, आणि त्यांनी तिचे नाव घेऊन झाड जाहीर केले.

तिघांच्या झाडावर रकून होता. बॅटरीच्या झोतात दोन डोळे लखलखले. मग टेकाड ओलांडून निळीच्या झाडाशी गेलो. जुना, पोकळ वृक्ष. पुरुषभर उंचीवर ढोली. आत काय आहे ते दिसेना. पंचाने वर्तुळ काढले. निळी हरली.

परतताना आम्ही सांत्वनाचे काही बोलू पाहत होतो. शेजारी म्हणाले, “प्रोफेसर, तिने जे हुंगले तेच सांगितले. मला तिच्याकडून एवढेच हवे असते.” मागच्या आसनावर चिखलाने माखलेली निळी झोपून गेली होती.

आम्हांला मात्र झोप आली नाही. फार वर्षांपूर्वीचा एक कवितासंग्रह डोळ्यांसमोर येत राहिला. कवी नवखा होता, संग्रह पहिलाच. एका ज्येष्ठ समीक्षकांनी त्याच्यावर झोड उठवली, मागोमाग आणखी दोघांनी. आम्ही तेव्हा तरुण होतो. एका नियतकालिकाने परीक्षण मागितले. संग्रहाच्या पहिल्या दहा-बारा कविता आम्ही वाचल्या, बाकीच्या चाळल्या, आणि त्या तिघांहून अधिक चढ्या स्वरात लिहिले. लेखाचे कौतुक झाले. त्या कवीचे दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात आले नाही. त्याची कारणे काहीही असू शकतील. आमच्या लेखाला तेवढे महत्त्व देणे हाही अहंकारच होईल.

भारतात परतल्यावर तो संग्रह शोधून काढला आणि प्रथमच पूर्ण वाचला. ज्येष्ठ समीक्षक सर्वस्वी चुकले होते, असे सांगता आले असते तर ही गोष्ट सोपी झाली असती. तसे नाही. बऱ्याच कविता कच्च्याच आहेत. शेवटच्या भागातल्या पाच-सहा मात्र अशा आहेत की त्यांच्यापाशी थांबावे लागते. त्यांत काही आहे की नाही, हे आम्हांला आजही नक्की ठरवता येत नाही. तिथे वर्तुळ काढायला हवे होते. पण तिथवर आम्ही पोचलोच नव्हतो. आम्ही उभे होतो ते दुसऱ्यांच्या झाडाशी, आणि त्या झाडावर रकून होता म्हणून आमचे पंचवीस गुण अधिकच धरले गेले.

उणे गुण मिळालेला कुत्रा निदान त्याच रात्री कळतो. आम्हांला ते गुण परत करायला जागा नाही. म्हणून येथे लिहून ठेवले आहेत.