कारण सांगणारा मठाधिपती

न्यायालयाचा निकाल हाती आला की पक्षकार प्रथम शेवटचा परिच्छेद पाहतो. आमची नजर मात्र कारणमीमांसेकडे जाते. आज्ञा कोणताही अधिकारी देऊ शकतो. ती का दिली हे सांगण्याचे बंधन जो आपण होऊन पत्करतो, त्याचा अधिकार निराळ्या प्रतीचा. बाराव्या शतकातील एक ख्रिस्ती मठाधिपती आम्हांस जवळचा वाटतो, तो याचसाठी.

त्याचे नाव पीटर. ‘पूज्य पीटर’ म्हणून इतिहास त्याला ओळखतो. फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात क्लुनी येथे ९१० च्या सुमारास स्थापन झालेल्या मठाच्या शाखा युरोपभर पसरल्या होत्या. त्या मठाची गादी ११२२ साली, वयाच्या तिशीच्या सुमारास, पीटरकडे आली. वैभवामागून येणारे शैथिल्य आणि कर्ज, दोन्ही तेथे त्याची वाट पाहत होती.

त्याने आहार, वस्त्रे, मौन, नव्या साधकांचा प्रवेश यांविषयी नियम केले. ११४६-४७ च्या सुमारास ते एकत्र लिहिले गेले, तेव्हा त्यांची संख्या ७६ भरली. आणि प्रत्येक नियमाखाली त्याचे कारण नोंदलेले होते. हातांनी काही काम करावे, असा एक नियम; कारण काय, तर पुष्कळ मठवासी भिंतींना टेकून डुलक्या घेण्यात नि गप्पांत दिवस घालवू लागले होते! ज्यांनी आज्ञापालनाचे व्रतच घेतले, त्यांना कारण सांगण्याची गरज कोणती, असे कोणी विचारील. परंतु लिहिलेले कारण तपासता येते. ते सरले तर नियम बदलता येतो. आपल्याकडे मठ-देवस्थानांच्या वादांत ‘पूर्वापार चालत आले आहे’ एवढ्या एका वाक्यावर बोलणे किती वेळा खुंटते, हे वकिलीच्या व्यवसायात आम्ही नित्य पाहतो.

हाच पुरुष दंडिताशी कसा वागला तेही पाहण्याजोगे आहे. तत्त्वज्ञ आबेलार याची मते सांस येथील धर्मसभेत, क्लेर्व्होच्या बर्नार्डच्या आरोपावरून, सदोष ठरली. पोपकडे दाद मागण्यास निघालेला हा वृद्ध क्लुनीस थांबला. पोपनेही त्याला दोषी ठरवले असता पीटरने त्यास आश्रय दिला, बर्नार्डशी त्याचा समेट घडविला व पोपची अनुमती मिळविली. ११४२ मध्ये आबेलार वारला, तेव्हा त्याचा देह पीटरने एलोईझच्या मठात पोहोचविला. आणि तिच्या विनंतीवरून त्याच्या पापमुक्तीचा लेख लिहून दिला. निकाल त्याने मोडला नाही. निकालानंतरही माणूस उरतो, एवढेच तो विसरला नाही.

कुराणाचे पहिले संपूर्ण लॅटिन भाषांतर त्यानेच करविले. ते ११४३ मध्ये पुरे झाले. हेतू खंडनाचाच होता. तरी ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे आधी नीट वाचावे, हा न्याय त्याने ओळखला. मात्र ११४६ मध्ये याच लेखणीने फ्रान्सच्या राजाला लिहिले की, धर्मयुद्धाच्या खर्चासाठी यहुद्यांचे धन घ्यावे. आपल्या मठवासीयांना नियमाचे कारण सांगणारा, एका दंडितासाठी पोपकडे शब्द टाकणारा हा पुरुष, यहुद्यांची बाजू ऐकण्यास क्षणभरही थांबला नाही. त्याच्या थोरवीचा आदर करताना हे पत्र बाजूस ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आपल्यांना कारण सांगणे तुलनेने सोपे. परक्यालाही ते सांगणे आपल्यावर बंधनकारक आहे असे ज्या दिवशी वाटेल, तो दिवस धर्माच्या खऱ्या कसोटीचा.