मेंढा-लेखाचं जंगल कोणाचं?

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर मेंढा-लेखा येतं. गोंड आदिवासींचं हे लहानसं गाव. उन्हाळ्याच्या तोंडावर इथे पहाटेच मोहफुलं वेचायला माणसं रानात जातात. पावसाळ्यात बांबूचे कोवळे वास्ते शिजतात. मध आणि चारोळीचेही दिवस ठरलेले. पाहुण्याला हे सारं निसर्गाचं दान वाटेल. पण भोवतालच्या सुमारे १,८०० हेक्टर जंगलातून गावाच्या वाट्याला काय यावं, हे दीर्घकाळ निसर्गाने ठरवलेलंच नाही. १९२७च्या वन कायद्याने बांबूला ‘झाड’ मानलं आणि त्याच्यावर वनखात्याची मालकी आली. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी याच रानातला बांबू तुटायचा, आणि घराच्या कुडासाठी चार काठ्या आणणारा गावकरी मात्र चोर ठरायचा. म्हणजे जंगल देत होतंच, घेणारा दुसरा होता.

इचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्धच्या १९८०च्या दशकातल्या आंदोलनातून या गावाला आपल्या बळाची ओळख पटली. ‘मावा नाटे मावा राज’, आमच्या गावात आमचं राज्य, ही घोषणा तेव्हापासूनची. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आणला, २००९मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना द्यायला खातं तयार नव्हतं. अखेर एप्रिल २०११मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायद्याने दिलेला हक्क वापरता यावा म्हणून मंत्र्याला यावं लागलं, हे मला त्या विजयाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हाती सत्ता आली की गावकरी जंगल ओरबाडतील, हा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गरज आणि बाजारभाव दोन्ही जोर लावतात. पण बांबूच्या बेटातले कोवळे कोंब राखून जुन्याच काठ्या काढल्या, तर बेट वर्षानुवर्षं देत राहतं, आणि ते राखण्याची निकड पुढच्या वर्षीही तिथेच राहणाऱ्याला असते, ठेकेदाराला नाही. मेंढ्याला देवाजी तोफांसारखं नेतृत्व लाभलं, सगळ्या गावांना कसं लाभेल, हा प्रश्न अधिक अवघड. त्यासाठी चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव पाहावं. २०१२मध्ये हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बांबू विकायला घेतला, तेंदूपानाची तोड मात्र बंद केली. त्या तोडीपायी फांद्या छाटल्या जातात, रानाला आगी लावल्या जातात. म्हणून हातातोंडाशी आलेली कमाई गावाने आपणहून सोडली.